जावातून फारो स्मॉलटॉककडे: सोसायटीच्या बिलांचा प्रोग्राम पुन्हा लिहितानाच्या नोंदी

३ मार्च (२ तास)

काम असं आहे. ४८ सदनिकांच्या सोसायटीची महिन्याची बिलं काढणारा जावातला प्रोग्राम फारोमध्ये (ही स्मॉलटॉक घराण्यातली भाषा) नव्याने लिहायचा. जुन्यात २३ क्लास आहेत आणि तो सहा वर्षं चालू आहे. नवी भाषा शिकायला असाच प्रोग्राम घ्यावा, ज्याची उत्तरं आधीपासून हातात आहेत. आकडा चुकला की शंका कुठे घ्यायची ते लगेच कळतं.

बिलाचे नियम थोडक्यात: सेवा शुल्क सर्वांना सारखं, १,८५० रुपये. सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम) बांधकाम खर्चाच्या वर्षाला ०.२५ टक्के, बारा हप्त्यांत. सदनिका भाड्याने दिली असेल तर सेवा शुल्काच्या १० टक्के बिनभोगवटा शुल्क. थकबाकीवर वर्षाला २१ टक्के सरळ व्याज. २०१४ च्या आदर्श उपविधींमध्ये (सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) व्याज आणि बिनभोगवटा शुल्क यांची ही कमाल मर्यादा आहे, सिंकिंग फंडाची ही किमान.

फारो लाँचर उतरवून घेतला, त्यातून फारो १२ ची इमेज बनवली. भाषा मुक्त परवान्याची आहे, पैशाचा खर्च शून्य.

पहिला तास वाया गेला तो नेहमीच्या एडिटरमध्ये फाइल उघडून 'क्लास' लिहायला बसल्यामुळे. इथे तसं लिहीत नाहीत. इमेज म्हणजे चालू असलेल्या सगळ्या ऑब्जेक्टांचा साठा: क्लास, मेथड, उघड्या विंडो, सगळं त्यातच. तुम्ही त्या चालत्या सिस्टीममध्ये ब्राउझर (कोड पाहण्या-लिहिण्याची विंडो) उघडून एकेक मेथड जतन करता आणि ती त्याच क्षणी लागू होते. मेथडचा मजकूर चेंजेस फाइलमध्ये जातो, म्हणून इमेज आणि चेंजेस या दोन फाइली कधीच वेगळ्या करू नयेत. बॅकअप घेताना दोन्ही एकत्र घ्याव्यात.

(नोंदींमध्ये कोडमधली नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत.)

४ मार्च (३ तास)

आज फक्त प्लेग्राउंडमध्ये (सुटा कोड चालवून पाहण्याची विंडो) ओळी टाइप करून 'प्रिंट इट'. राखीव शब्द मोजकेच आहेत: ट्रू, फॉल्स, निल, सेल्फ, सुपर, धिसकाँटेक्स्ट वगैरे. बाकी सगळं ऑब्जेक्टला पाठवलेला संदेश. इफसुद्धा संदेश, लूपसुद्धा संदेश. व्याकरण अर्ध्या तासात वाचून होतं, आणि तिथेच फसगत होते, कारण जावात बोटांना लागलेल्या सवयी इथे चूक न दाखवता वेगळंच काहीतरी करतात. आज लागलेल्या ठेचा:

गुणाकार-बेरजेचा क्रम नाही. '३ + ४ * २' चं उत्तर १४ येतं, कारण + आणि * हे सारख्याच दर्जाचे संदेश आहेत आणि ते डावीकडून उजवीकडे जातात. चार महिन्यांची थकबाकी ७,४०० रुपये, वर्षाचं व्याज १,५५४, उशीर ४५ दिवस. '७४०० + १५५४ * ४५ / ३६५' लिहिलं तर उत्तर (८०५८६/७३), म्हणजे १,१०३ रुपये ९२ पैसे. हवं होतं ७,५९१ रुपये ५९ पैसे. कंस घातल्याशिवाय एकही हिशेब लिहायचा नाही, असं आजच ठरवलं.

तोच नियम तुलनेला. 'अ > ३ & ब < ५' हे आधी (अ > ३) & ब असं वाचलं जातं आणि मग त्या उत्तराची ५ शी तुलना होते. 'अँड:' वापरावं आणि त्यापुढची अट चौकोनी कंसात, म्हणजे ब्लॉकमध्ये द्यावी. पहिली अट खोटी असली की दुसरी तपासलीच जात नाही, जावातल्या दुहेरी अँडसारखं.

'=' म्हणजे तुलना, मूल्य द्यायला ':='. 'टोटल = ०' लिहिलं तर काहीही होत नाही: तुलना झाली, उत्तर टाकून दिलं, पुढे चला. 'रेट = २१ / १००' मात्र ओरडतं: 'फॉल्स'ला '/' हा संदेश कळत नाही. आधी 'रेट = २१' चं उत्तर फॉल्स आलं आणि मग त्याला १०० ने भागायला सांगितलं, असा त्याचा अर्थ. हा निरोप वाचून पहिली दहा मिनिटं काहीच उमगत नाही.

पूर्णविराम विसरला तर पुढच्या ओळीचा पहिला शब्द आधीच्या ओळीला संदेश म्हणून चिकटतो. 'टोटल := ०' नंतर टिंब नाही, खाली 'बिल्स डू:'. तक्रार येते की स्मॉलइंटिजरला 'बिल्स' समजत नाही. म्हणजे शून्याला बिलं मागितली गेली. पूर्णांकाला तुमच्याच व्हेरिएबलचं नाव कळत नाही अशी तक्रार दिसली की सरळ वरच्या ओळीचं टोक बघावं.

दुहेरी अवतरणचिन्ह ही टिप्पणी, एकेरी म्हणजे स्ट्रिंग. मोजणी १ पासून. 'कॉपीफ्रॉम:टू:' दोन्ही टोकं धरतं. जावाचं सबस्ट्रिंग शेवटचं टोक सोडतं.

६ मार्च (२ तास, त्यातला दीड वाया)

फ्लॅट क्लास बनवला आणि जावाचा कोड शेजारी ठेवून मेथड उतरवायला घेतल्या. जावात गेटर असा: 'रिटर्न धिस.नंबर'. तो शब्दाला शब्द उतरवला: '^ सेल्फ नंबर' ('^' म्हणजे इथलं रिटर्न). पण इथे 'सेल्फ नंबर' म्हणजे व्हेरिएबल नव्हे, 'नंबर' हा संदेश स्वतःलाच. मेथड स्वतःलाच हाक मारत राहिली.

जावात अशा वेळी काही क्षणांत स्टॅक भरल्याची चूक येते. फारोत कॉलचे काँटेक्स्ट हेही ऑब्जेक्टच, ते मेमरीत वाढत जातात. थांबवणारं कुंपण जवळपास नाही. इमेज गोठली, मेमरी चढत गेली, लॅपटॉपचा पंखा लागला. लगेच कमांड-पूर्णविराम दाबला असता (मॅकशिवाय इतरत्र ऑल्ट किंवा कंट्रोल) तर डीबगर उघडून सुटका झाली असती. मी वाट पाहिली. शेवटी प्रोसेस मारावी लागली आणि दोन तासांपूर्वी जतन केलेली इमेज उरली.

कोड मात्र गेला नाही. फारोतलं एपिसिया हे साधन प्रत्येक मेथड जतन करताना वेगळ्या फाइलमध्ये नोंद ठेवतं. 'कोड चेंजेस' उघडून मागचं सत्र निवडलं, ती एक मेथड वगळली आणि बाकीचे बदल लागू केले. दहा मिनिटांत सगळं परत. इमेज मेली म्हणून घाबरून पुन्हा टाइप करायला बसू नका, आधी तिथे बघा.

गेटर असा हवा: '^ नंबर'. स्वतःची व्हेरिएबलं थेट नावाने. त्यांच्यापुढे सेल्फ आलं की तो संदेश झाला.

९ मार्च (४ तास)

बिलाची पहिली आवृत्ती. तीन चुका, तिन्ही एकाच जातीच्या: मेथड किंवा ब्लॉक काय परत देतो याचा चुकीचा अंदाज.

पहिली. मेथडच्या शेवटी '^' नसेल तर ती स्वतःचा ऑब्जेक्ट परत देते, काहीच नाही असं देत नाही. 'सिंकिंगफंड'मध्ये हिशेब बरोबर होता, '^' राहिला होता. वापरताना तक्रार आली की फ्लॅटला '+' समजत नाही. बेरजेत आकड्याच्या जागी अख्खा फ्लॅट आलेला दिसला की '^' शोधा.

दुसरी. 'बिल्स := ऑर्डर्डकलेक्शन न्यू अॅड: पहिलंबिल'. अॅड: हे यादी परत देत नाही, जे घातलं तेच परत देतं. म्हणून बिल्समध्ये यादीऐवजी एक बिल. शेवटी अर्धविराम देऊन 'युवरसेल्फ' पाठवावं, किंवा दोन वेगळ्या ओळी कराव्यात. मी दोन ओळींवर राहिलो. वाचणाऱ्याला कमी त्रास.

तिसरी सर्वांत महाग, जवळजवळ दीड तास. सगळ्या सदनिकांवर 'कलेक्ट:' आणि ब्लॉकच्या आत '^ बिल'. जावाच्या लॅम्डामध्ये रिटर्न म्हणजे त्या लॅम्डातून बाहेर. इथे ब्लॉकमधलं '^' ज्या मेथडमध्ये ब्लॉक लिहिला आहे त्या अख्ख्या मेथडमधून बाहेर पडतं. त्यामुळे १०१ नंबरचं बिल तयार झालं आणि तेच मेथडचं उत्तर ठरलं. टेस्टमध्ये तर एकच सदनिका होती, त्यामुळे हिशेब बरोबर दिसत होता. ब्लॉकचं मूल्य म्हणजे त्यातलं शेवटचं वाक्य. तिथे '^' लागतच नाही. 'डिटेक्ट'सारखं शोधताना सापडल्याबरोबर मेथड सोडायची असेल तेव्हा हाच गुण फार कामाचा आहे, पण तो मुद्दाम वापरायचा.

टेस्टमध्ये आता कमीत कमी तीन सदनिका ठेवल्या आहेत.

१२ मार्च (१ तास)

पार्किंगसाठी 'स्लॉट' नावाचा क्लास केला. फारोत क्लासांना पॅकेजनुसार वेगळं नाव-क्षेत्र नाही, सगळी नावं एकाच यादीत. 'स्लॉट' हा सिस्टीमचा स्वतःचा क्लास आहे, ऑब्जेक्टांची व्हेरिएबलं त्याच्याच आधारावर उभी आहेत. त्याची व्याख्या बदलल्यावर एकामागून एक चुकांच्या विंडो उघडत गेल्या. जतन न करता बंद केलं, एवढं सुदैव. आता सगळ्या क्लासांच्या नावांना 'सो' हा दोन रोमन अक्षरांचा उपसर्ग. क्लास बनवण्याआधी शिफ्ट-एंटर दाबून त्या नावाचा शोध घ्यायला पाच सेकंद लागतात.

१५ मार्च (५ तास)

आजची नोंद ज्यांनी घाईने वाचायची ठरवली आहे त्यांनीही सावकाश वाचावी.

काल १९ टेस्ट हिरव्या, म्हणजे पास, होत्या. आइसबर्ग या फारोतल्या साधनातून गिटमध्ये चढवलं (प्रत्येक क्लासची टोनेल या स्वरूपातली वेगळी फाइल होते, डिफ नीट वाचता येतो). मग लाँचरमधून कोरी इमेज घेतली, बेसलाइन (कुठली पॅकेजं उतरवायची ते सांगणारा क्लास) लिहून कोड उतरवला, टेस्ट चालवल्या. १९ पैकी ११ लाल.

पहिलं कारण. पैशांसाठी पूर्णांकांना 'रुपीज' ही मेथड जोडली होती, म्हणजे '१८५० रुपीज' लिहिता येतं. दुसऱ्याच्या क्लासमध्ये मेथड घालणं इथे नेहमीचं आहे. पण ती आपल्या पॅकेजमध्ये जायची तर एक्स्टेन्शन म्हणून नोंदवावी लागते. प्रोटोकॉलच्या (मेथडच्या गटाच्या) नावापुढे तारांकन आणि आपल्या पॅकेजचं नाव लागतं. मी ती साध्या प्रोटोकॉलमध्ये ठेवली, म्हणून ती फारोच्या स्वतःच्या पॅकेजचा भाग झाली. माझ्या इमेजमध्ये चालत होती, गिटमध्ये गेलीच नव्हती. कोऱ्या इमेजमध्ये स्मॉलइंटिजरला 'रुपीज' कळेना. नऊ टेस्ट यामुळे पडल्या.

दुसरं कारण. दर क्लासच्या बाजूला ठेवले होते आणि आठवड्यापूर्वी प्लेग्राउंडमधून हाताने भरले होते. ते इमेजमध्ये राहिले. ते भरणारी ओळ कुठल्याच मेथडमध्ये नव्हती. कोऱ्या इमेजमध्ये दर निल, म्हणजे रिकामे.

हे दुरुस्त करताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. क्लासच्या बाजूचं 'इनिशियलाइझ' ऑब्जेक्ट बनताना चालत नाही, क्लास उतरवला जातो तेव्हा एकदा चालतं. त्यातला दर बदलून मेथड जतन केली तरी चालू इमेजमध्ये जुनाच दर राहतो, हाताने पुन्हा चालवेपर्यंत. ऑब्जेक्टच्या बाजूचं 'इनिशियलाइझ' मात्र 'न्यू' केल्यावर आपोआप चालतं. दोन सारख्याच नावांच्या मेथड, ब्राउझरमध्ये एका बटणाच्या अंतरावर. 'क्लास साइड' चालू आहे का ते लिहिण्याआधी बघण्याची सवय लावून घेतली.

आणि स्टॅटिकबद्दल: जावाच्या स्टॅटिकला जवळचं इथलं क्लास व्हेरिएबल, जे उपक्लासांनाही सामाईक असतं. क्लासच्या बाजूचं इन्स्टन्स व्हेरिएबल प्रत्येक उपक्लासला स्वतःचं वेगळं. दुकानाच्या गाळ्यासाठी केलेल्या उपक्लासला दर निल मिळत होता तो यामुळे. शेवटी दर क्लासवर ठेवणंच सोडलं. 'सोदरपत्रक' असा साधा ऑब्जेक्ट केला, तो बिलाला हातात दिला. टेस्ट लिहिणंही सोपं झालं.

आजपासून नियम: रोज काम संपवताना कोरी इमेज, बेसलाइनवरून कोड, सगळ्या टेस्ट. कमांड लाइनवरून हे होतं. छोटी स्क्रिप्ट लिहिली, साधारण दीड मिनिट लागतं. जावात बिल्ड करताना हे आपोआप होत असतं, म्हणून त्याची किंमत कळत नाही. इथे ते काम स्वतःहून करावं लागतं. इमेज हे काम करण्याचं ठिकाण आहे, कोड ठेवण्याचं नव्हे.

१८ मार्च (३ तास)

आजवरचा कोड वाचून काढला आणि टाकून द्यायचं ठरवलं.

सगळं चालत होतं. पण ते फारोच्या अक्षरांत लिहिलेलं जावा होतं. कॅल्क्युलेटर, कॅल्क्युलेटर बनवणारी फॅक्टरी, प्रत्येक इंटरफेसच्या जागी रिकामा अमूर्त क्लास. इथे इंटरफेसची गरजच नाही: संदेश कळला की झालं. आणि सदनिकेचा प्रकार एका सिंबॉलमध्ये ठेवून ठिकठिकाणी 'इफट्रू:'ची शिडी: बिल काढताना एक, छापताना दुसरी, थकबाकीच्या नोटिशीत तिसरी.

क्लासला क्लास उतरवण्याचा मार्ग अनुभवी माणसाला साहजिक वाटतो, कारण तपासायला सोपा असतो. त्यात नऊ तास गेले. त्यातून व्याकरण पक्कं झालं, पण रचनेबद्दल काही शिकायला मिळालं नाही, जुनी रचनाच सोबत आली. जुन्या कोडची फक्त टेस्ट आणावी, बाकी जावाची विंडो बंद करावी. टेस्ट ठेवल्या. मात्र त्यांतही एक दुरुस्ती लागली: 'असर्ट:इक्वल्स:'मध्ये आधी आलेलं मूल्य, मग अपेक्षित, जेयुनिटमध्ये उलट. क्रम चुकला तरी निकाल तोच लागतो, फक्त निरोप उलटा येतो आणि अर्धा तास भलत्या आकड्याच्या मागे जातो.

२१ मार्च (४ तास)

नवी रचना. सदनिकेजवळ 'वहिवाट' हा ऑब्जेक्ट. तीन क्लास: मालक राहतो, भाडेकरू राहतो, मालकाच्या घरचे राहतात. प्रत्येकाला एकच प्रश्न: सेवा शुल्क एवढं आहे, बिनभोगवटा शुल्क किती? मालक शून्य सांगतो, भाडेकरूची वहिवाट एक दशांश, घरच्यांची शून्य (उपविधींत जवळच्या नातेवाइकांना सूट आहे). छापताना लागणारं वाक्यही तिथेच. तीन शिड्या गेल्या. 'घरचे राहतात' हा प्रकार जावात घालताना तीन ठिकाणी हात लावावा लागला होता आणि नोटिशीत राहून गेला होता. इथे एक क्लास, दोन मेथड.

जावातही असंच लिहिता येतं, हे खरं. पण तिथे स्विच हाताशी असतो. इथे स्विच नाहीच, शिडी लिहिताना बोटं दुखतात, आणि नवा क्लास बनवायला दहा सेकंद लागतात. भाषा कुठल्या बाजूला उतार ठेवते त्यावर कोडचा आकार ठरतो, हे आज हाताला जाणवलं.

काम डीबगरमध्येच केलं. टेस्टमध्ये अजून नसलेला संदेश लिहायचा, टेस्ट चालवायची. 'समजत नाही' म्हणून डीबगर उघडतो, त्यात 'क्रिएट' दाबायचं, क्लास निवडायचा, आणि मेथडचं शरीर तिथेच लिहायचं. समोर खरी मूल्यं दिसत असतात. सिंकिंग फंडाची मेथड लिहिताना बांधकाम खर्च, दर, महिने तिन्ही डोळ्यांपुढे होते. 'प्रोसीड' केल्यावर टेस्ट तिथूनच पुढे जाते. आठ मेथड अशा लिहिल्या आणि त्यांतल्या सात पहिल्यांदाच बरोबर निघाल्या. जावातल्या माणसाने या भाषेला वेळ द्यावा तो या एका गोष्टीसाठी, असं मला मनापासून वाटतं.

एक खबरदारी. क्लासमध्ये नवं व्हेरिएबल घातलं की आधीचे जिवंत ऑब्जेक्टही बदलतात, पण त्यांच्यात नवं व्हेरिएबल निल असतं, कारण त्यांच्यासाठी इनिशियलाइझ पुन्हा चालत नाही. इन्स्पेक्टरमध्ये उघडा असलेला जुना फ्लॅट पाहून अर्धा तास गोंधळ झाला. ऑब्जेक्ट नव्याने बनवा, मग तपासा.

आता ९ क्लास.

२४ मार्च (३ तास, एक संध्याकाळ जवळपास वाया)

बँकेच्या उताऱ्याची सीएसव्ही वाचायची. निओसीएसव्ही हे पॅकेज घेतलं. सगळी क्षेत्रं स्ट्रिंग म्हणून येतात, आकडा हवा असेल तर तसं सांगावं लागतं. रकमेतला स्वल्पविराम 'कॉपीविदाउट:'ने आधी काढला.

एखादी ओळ बिघडलेली असेल म्हणून वाचनाभोवती 'ऑन: एरर डू:' घातलं आणि चूक आली तर शून्य. सगळे ४८ जण थकबाकीदार निघाले. फाइलचं एन्कोडिंग तपासलं, स्तंभांचा क्रम तपासला, निओसीएसव्हीचा कोड वाचला. दोष एका संदेशाच्या स्पेलिंगमध्ये होता. 'संदेश समजला नाही' ही चूक इथे एररचीच उपजात आहे, म्हणून माझ्या सापळ्यात तीही अडकली आणि प्रत्येक रक्कम गुपचूप शून्य झाली. जावात असं स्पेलिंग कंपायलरच अडवतो. इथे मेथड जतन होते, चूक चालवताना कळते, आणि तीही आपण गिळली तर कधीच कळत नाही.

'ऑन: एरर' काढून टाकलं. ज्या चुकीची अपेक्षा आहे तिचंच नाव द्यायचं. ब्राउझरच्या खालच्या पट्टीत 'पाठवला आहे पण कुठेच लिहिलेला नाही' अशी सूचना येते, ती आता वाचतो.

डिक्शनरीत किल्ली नसेल तर 'अॅट:' चूक फेकतं, जावासारखं नल देत नाही. 'अॅट:इफअॅबसेंट:' वापरलं. हे मला जास्त प्रामाणिक वाटलं.

संध्याकाळची स्क्रिप्ट लाल: बेसलाइनमध्ये निओसीएसव्ही लिहायचं राहिलं होतं. दोन मिनिटांत दुरुस्त.

२६ मार्च (३ तास)

छपाई. बिलांची फाइल टर्मिनलमध्ये पाहिली तर ओळी एकमेकींवर चढलेल्या. स्ट्रीमला 'सीआर' पाठवलं की नुसता कॅरेज रिटर्न लिहिला जातो. 'एलएफ' पाठवलं, ओळी सुटल्या.

त्याहून वाईट: १०४ नंबरचं नवं बिल आधीपेक्षा लहान होतं, आणि त्याच्या शेवटी आधीच्या बिलाच्या दोन ओळी, थकबाकीच्या आकड्यासकट. 'राइटस्ट्रीमडू:' असलेल्या फाइलवर सुरुवातीपासून लिहितं पण उरलेला जुना मजकूर कापत नाही. लिहिण्याआधी 'एन्शुअरडिलीट' पाठवायचं. हे बिल कोणाच्या दारात गेलं असतं तर भांडण ठरलेलं होतं, म्हणून यासाठी वेगळी टेस्ट लिहिली: आधी मोठा मजकूर, मग छोटा, मग फाइलचा आकार.

देवनागरीबद्दल. प्लेग्राउंडमध्ये जोडाक्षरं तुटलेली आणि वेलांट्या भलत्या जागी दिसल्या, पण फाइलमध्ये मजकूर शाबूत होता. स्तंभ सारखे करायला स्ट्रिंगची लांबी मोजून जागा भरल्या आणि सगळं वाकडं आलं. 'क्षेत्रफळ'ची 'साइज' ९ येते, डोळ्यांना अक्षरं चार दिसतात, कारण हलन्त, मात्रा सगळं वेगळं मोजलं जातं. मोजणी जावातही हीच आहे. जागा भरण्याचा नाद सोडून एचटीएमएलचा तक्ता लिहिला. अक्षरं जुळवण्याचं काम वेब ब्राउझर उत्तम करतो.

२९ मार्च (२ तास)

पैसे. फारोत २१ / १०० म्हणजे पूर्ण अपूर्णांक, दशांशात गळती नाही. ७,४०० वर ४५ दिवसांचं व्याज (१३९८६/७३) येतं आणि शेवटच्या पायरीपर्यंत तसंच राहतं. फक्त छापताना १९१ रुपये ५९ पैसे. अट एकच, वाटेत कुठेही ०.२१ लिहायचं नाही. एक फ्लोट (दशांशातला अंदाजे आकडा) शिरला की पुढचं सगळं फ्लोट.

'==' ची चूक इथेच उघडी पडली. फारोत '=' मूल्यांची तुलना, '==' हा तोच ऑब्जेक्ट का याची. जावाच्या सवयीने तीन ठिकाणी '==' राहिलं होतं आणि आठवडाभर चालत होतं, कारण नेहमीच्या आकाराच्या पूर्णांकांना दोन्ही सारखंच उत्तर देतात. रक्कम अपूर्णांक झाल्यावर (१/२) == (१/२) खोटं ठरलं. '==' शोधून तिन्ही बदलले.

थकबाकी भरलेल्यांना यादीतून काढताना 'डू:'च्या आत 'रिमूव्ह:' केलं. जावा यावर चूक फेकतो. इथे त्यासाठी तशी वेगळी चूक नाही, शेजारची सदनिका गाळली जाते. 'रिजेक्ट:'ने नवी यादी घेतली.

आजवर ३२ तास. त्यांतले नऊ टाकून दिलेल्या रचनेचे, पाच-सहा वरच्या चुकांचे.

२ एप्रिल (३ तास)

मार्चची बिलं दोन्ही प्रोग्रामांतून काढून पैशापर्यंत ताडून पाहिली. ३६ जुळली. १२ सदनिकांत प्रत्येकी एक पैशाचा फरक, आणि बाराही एकाच आकाराच्या.

त्यांचा बांधकाम खर्च ४,६८,१२० रुपये. वर्षाचा सिंकिंग फंड १,१७०.३०, महिन्याचा ९७.५२५. बरोबर अर्ध्या पैशावर अडकलेला आकडा. फारोचं 'राउंडेड' अर्ध्याला शून्यापासून दूर नेतं, म्हणून ९७.५३. जावाच्या कोडमध्ये बिगडेसिमलला (अचूक दशांशाचा क्लास) 'हाफ इव्हन' सांगितलेलं होतं, अर्धा आला की सम अंकाकडे, म्हणून ९७.५२. दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

खातेवहीत सहा वर्षं ९७.५२ चढले आहेत, त्यामुळे तेच पाळायचं. 'सोरक्कम'मध्ये एक मेथड लिहिली: पैशांचा 'फ्लोअर' घ्यायचा, उरलेला भाग अर्ध्याशी ताडायचा, बरोबर अर्धा असेल तर सम आकडा निवडायचा. सात ओळी. तिच्या टेस्टमध्ये ९७५२.५ आणि ९७५३.५ दोन्ही घातले, पहिल्याचं उत्तर ९७५२, दुसऱ्याचं ९७५४. उणे रकमेसाठीही दोन, कारण आगाऊ भरणाऱ्यांची शिल्लक उणे येते.

पुन्हा ताडलं: ४८ पैकी ४८. कोऱ्या इमेजमध्ये ४१ टेस्ट हिरव्या. एप्रिलची बिलं दोन्हींतून काढायची आहेत, छापायची मात्र जावातली.